वासाची भाजी

गेल्या वर्षी वॉशिंग मशीन गळायला लागलं म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मशीन पुढे ओढलं, मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "ताई, घरात लहान मूल आहे का?" मला वाटलं, पाइपात एखादं खेळणं अडकलं असणार. त्याने झाडू मागितला. भिंतीच्या कडेला धुळीत, एका हरवलेल्या मोज्याच्या शेजारी, तोंडलीच्या चकत्या पडल्या होत्या. वाळून काळ्या झालेल्या, कडा आत वळलेल्या. त्यांच्याखाली गवार. गवारीखाली आणखी काहीतरी होतं, ते मात्र ओळखण्यापलीकडे गेलं होतं. "आमच्याकडे फ्रिजखाली निघतं," दुरुस्तीवाला म्हणाला. पाइप बदलला, पैसे घेतले आणि गेला.

लेक तेव्हा साडेसहा वर्षांची. जेवता जेवता ती एकदा तरी उठायचीच. कधी हात धुवायला, कधी पाणी प्यायला. परत येऊन बसली की थोड्या वेळात पान स्वच्छ. आणि मी, कपाळ माझं, शेजारणीला सांगत होते की आता बाई भाजी खायला लागली एकदाची.

त्या चकत्या सुपडीत भरताना तिचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा. दोन-अडीच वर्षांची माझी मेहनत त्या सुपडीत मावली होती.

सुरुवात झाली एका रिपोर्टपासून. ती चार वर्षांची असताना ताप उतरेना म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन दहाच्या खाली निघालं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "पालेभाज्या वाढवा." म्हणायला एवढंसं वाक्य. करायला बसलं की कळतं, वाढणं आपल्या हातात असतं, पुढचं नसतं. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे ६७ मुलांना रक्तक्षय निघाला, आणि महाराष्ट्रात तर ६८.९ टक्के. पण हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा वाटत होतं की अख्ख्या डोंबिवलीत माझंच पोर पांढरंफटक आहे आणि त्याला माझा स्वयंपाक कारण आहे.

मग घरात पालक यायला लागला. रोज. पालकात लोह असतं हे खरं, पण ते अंगी लागायला अवघड असतं. त्यातलीच काही द्रव्यं त्याला अडवून धरतात. सोबत काही आंबट असेल तर शोषलं जातं. सासूबाई पालेभाजी लोखंडी कढईत करायच्या आणि पानात लिंबाची फोड वाढायच्या. ती कढई घासायला त्रास म्हणून मी माळ्यावर टाकली होती आणि लिंबू 'डाएट'वाल्यांचं असतं असं मला वाटायचं. असो. कढई खाली आली. पालक मात्र पोटात जाईना.

तेव्हा मी लपवाछपवीला लागले.

यात माझा हात चांगला बसला होता हे कबूल करते. थालिपिठात किसलेला दुधी. कणकेत वाटलेला पालक. डोशाच्या पिठात बीट, आणि वर त्याला 'प्रिन्सेस डोसा' असं नाव. पावभाजी म्हणजे तर या धंद्यातलं सोन्याचं नाणं. लोणी आणि मसाल्याखाली फ्लॉवर, दुधी, गाजर, लाल भोपळा, वाटेल ते गाडता येतं. महिला मंडळाच्या ग्रुपवर आम्ही बायका एकमेकींना क्लृप्त्या पुरवायचो. कुणी इडलीत दोडका घातला म्हणून तिचं कोण कौतुक!

एका रविवारी थालीपीठ खाताना लेकीने घास तोंडातून काढला आणि बोटाने उलगडला. हिरवा, नखाएवढा, सालीचा तुकडा. "आई, यात काय आहे?"

"काही नाही गं, कांदा."

तिने तो तुकडा ताटाच्या कडेला लावला. मग दुसरा शोधला. मग तिसरा. तिन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. चिडली नाही, रडली नाही. पण त्या दिवसापासून सहा महिने घरातला प्रत्येक पदार्थ तपासणीतून जायला लागला. पोळी उजेडात धरून बघायची. उपमा चमच्याने पसरून. पोह्यांतली कोथिंबीरसुद्धा एकेक पान करून बाहेर. जे आधी बिनघोर खात होती ते वरणसुद्धा ढवळून बघायची. एक दुधी पोटात घालायच्या नादात मी सगळं ताट संशयात नेऊन ठेवलं होतं.

सासूबाई थालीपीठ करतात ना, त्यातही दुधी असतो. पण त्या हाक मारतात तीच अशी, "या गं, दुधीचं थालीपीठ केलंय." आपल्याकडे कोथिंबिरीची वडी असते, अळूची वडी असते, मेथीचे मुटके असतात, भोपळ्याचे घारगे असतात. भाजी पिठात कालवायची आपली रीत जुनीच आहे, फक्त पदार्थाला भाजीचं नाव असतं. नाव घेऊन केला तर तो पदार्थ, नाव लपवून केला तर तो कट. हे सासूबाईंनी मला कधी बोलून दाखवलं नाही. मला ते कळायला तीन हिरवे तुकडे लागले.

कट उघड झाल्यावर लाच सुरू झाली. तीन घास भाजी, मग मोबाइल. पहिल्या आठवड्यात यश आलं. दुसऱ्या आठवड्यात घासाचं माप आक्रसलं. गवारीची एक शेंग म्हणजे एक घास, असा भाव तिने पाडून घेतला. तिसऱ्या आठवड्यात न जेवताच विचारणा झाली, "आज किती घासांवर?" भाजी म्हणजे भाडं झालं होतं. आणि भाडं प्रेमाने कोण भरतं?

लीअन बर्च नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९८४ मध्ये यावर एक प्रयोग छापला होता. मुलांना एक नवं पेय द्यायचं. काहींना ते प्यायल्याबद्दल बक्षीस, काहींना नुसतंच. बक्षिसावर प्यायलेल्या मुलांना ते पेय पुढे आधीपेक्षा कमी आवडू लागलं. पोरांचा हिशेब सरळ असतो: ज्याच्यासाठी मोठ्यांना काहीतरी द्यावं लागतं, ती वस्तू वाईटच असणार. आपण मोठेही तेच करतो. एकावर एक फुकट दिसलं की पहिली शंका मालाविषयी येते.

त्याहून जुना, १९२०च्या दशकातला, क्लॅरा डेव्हिस या डॉक्टरबाईंचा प्रयोग मला जास्त आवडतो. पंधरा बाळं, अंगावरचं दूध नुकतंच सुटत असलेली. चौतीस पदार्थांची यादी आणि त्यातले आठ-दहा दर जेवणाला वेगवेगळ्या वाट्यांत मांडून पुढ्यात. नर्सने चमचा घेऊन नुसतं बसायचं. सुचवायचं नाही, भरवायचं नाही, 'शाब्बास' म्हणायचं नाही. बाळ ज्या वाटीकडे हात करेल त्यातलं द्यायचं. बाळं वाट्टेल तशी जेवली. कधी नुसतंच एक काहीतरी, दिवसचे दिवस. पण महिन्यांचा हिशेब मांडला तर प्रत्येकाचं खाणं पुरेसं होतं आणि पोरं धडधाकट वाढली. यावरून 'मुलांना कळतं, त्यांच्यावर सोडा' असं लोक सांगत सुटतात. ते अर्धंच सांगतात. त्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, बिस्किट नव्हतं, पुड्यातलं काही नव्हतं. बाळाने काहीही निवडलं तरी चुकायला जागाच नव्हती. वाट्या मांडणारा शहाणा होता, म्हणून बाळ शहाणं ठरलं. माझ्या घरी मात्र वाट्यांच्या शेजारी फरसाणाचा डबा होता, आणि तो माझ्याचसाठी आणलेला होता.

आता नवऱ्याविषयी बोलायला हवं.

माझा नवरा सज्जन माणूस आहे. कारलं खात नाही, शेपू खात नाही, दोडका चालतो पण नसला तर बरं. त्याच्या आईने त्याला लहानपणापासून कारल्या-दोडक्याच्या दिवशी बटाट्याच्या काचऱ्या करून वाढल्या आणि लग्नानंतर ती परंपरा मी पुढे चालवली. एके दिवशी लेकीने विचारलं, "बाबाच्या पानात कारलं का नाही?" नवरा म्हणाला, "मी लहानपणी खूप खाल्लंय." सासूबाई स्वयंपाकघरातून नुसत्या खोकल्या.

मुलं आपलं ऐकत नाहीत, आपली पानं बघतात. आमच्या घरात बघण्यासारखं पान एकच होतं, आणि त्यात काचऱ्या होत्या. बाजारातही बघा. नवरा आणि लेक मिळून भाजी आणायला गेले की पिशवीतून बटाटे, फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, ढोबळी मिरची निघते. ही सगळी साता समुद्रापलीकडून आलेली पाहुणे मंडळी; बटाटा आणि कोबी ही नावंसुद्धा पोर्तुगीजांनी दिलेली. आणि कारलं, पडवळ, दुधी, दोडका, घोसाळं हे परसातले जुने वेल दारातच उभे. मी रागाने म्हटलेलं नाही हे. टोमॅटोशिवाय माझं तरी कुठे पान हलतं?

तरी एका बाबतीत मी लेकीवर अन्याय केला होता. ती कोबी तोंडात घेऊन "कडू" म्हणायची आणि मी म्हणायचे, "नाटकं करू नकोस, कोबी कुठे कडू असतो?" १९३१ मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पूड बाटलीत भरत होता. पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी कुरकुरला की केवढी कडू आहे ही. फॉक्सला काहीच लागेना. दोघांनी मुद्दाम चाखून पाहिली: एकाला जहर, दुसऱ्याला खडूसारखी बेचव. त्यातून कळलं की काही कडू चवी काही माणसांना जन्मतःच लागतात, काहींना लागत नाहीत. २००३ मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं. कोबी, मोहरीचा पाला अशा भाज्यांतला कडवटपणा त्याच जातीचा. म्हणजे जो कोबी मी खात होते तो आणि जो लेक खात होती तो, एकाच कढईतला असूनही, एक नसेलच कदाचित. मी तिला खोटं ठरवत होते आणि ती मला सरळ बातमी देत होती.

शिवाय कडू नाकारण्यात मूर्खपणा नाही. सासूबाई दुधी चिरताना देठाकडची एक चकती चाखून बघतात, कडू निघाला तर सगळा दुधी कचऱ्यात. त्यांना त्याचं कारण माहीत नाही, त्यांच्या आईने तसं केलेलं त्यांनी पाहिलेलं. कडू दुधीत खरोखरच विषारी द्रव्य असतं. त्याचा रस पिऊन माणसं दगावली, तेव्हा कडू लागला तर रस पिऊ नका असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनीही सांगितलं. दोन वर्षांचं, नुकतं चालायला लागलेलं मूल दिसेल तो हिरवा पाला तोंडात घालत सुटलं असतं, तर माणसाची जात कधीच संपली असती. नव्या चवीला नाक मुरडणं साधारण दोन ते सहा या वयात सगळ्यात जोरात असतं ते उगीच नाही. ओळख पटेपर्यंत ते मूल थांबतं. आणि ओळख पटायला एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते असं हे शास्त्र सांगतं. आपण तिसऱ्या वेळी जाहीर करून टाकतो: आमच्या बाळाला नाही हो आवडत.

माझ्या वडिलांनी असं काही जाहीर केलं नसतं. माझं माहेर चिपळूणकडचं. वडील मुंबईत मामाकडे शिकायला असताना १९७२च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्लेला माणूस. पानात टाकणं हे त्यांच्या लेखी पाप होतं, आणि ते त्यांना मोठ्याने म्हणावंही लागायचं नाही. मी आठ वर्षांची असताना पडवळ-डाळिंब्यांची भाजी होती. डाळिंब्या मी वेचून खाल्ल्या. पडवळाच्या कड्या उरल्या. "संपवून ऊठ," एवढंच म्हणाले. सगळे जेवून उठले. ताटं घासली गेली. आईने ओटा पुसला. वडील आतल्या खोलीत जाऊन झोपले आणि मी ओसरीत ताटापुढे बसून राहिले. पडवळ गार झालं की त्याला एक चकाकी येते. एक मुंगी आली, कडीच्या कडेने गोल फिरली आणि तीही खाल्ल्याशिवाय गेली. तीनच्या सुमाराला मी एकेक कडी गोळीसारखी पाण्याबरोबर गिळली. अकरा होत्या.

वडील गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यांची पुष्कळ आठवण येते. अन्न टाकायचं नाही हे मी त्यांच्याकडूनच घेतलं, आजही शिळ्या पोळीचा कुस्करा करते. पण पडवळ बघितलं की घसा अजून बंद होतो. ऋषिपंचमीला सासूबाई ऋषीची भाजी करतात, त्यात पडवळ लागतंच. माझ्या वाटीतलं त्या न बोलता काढून घेतात. लेक त्या भाजीत किती भाज्या आहेत ते मोजत बसते. अळू, लाल माठ, भेंडी, भोपळा, सुरण, दोडका, कणीस, असं करत गेल्या वर्षी तेरापर्यंत पोचली. खाल्लं फक्त कणीस.

मशीनमागचा ऐवज सापडला, त्यानंतर मी काही शहाणपणाने वागायला सुरुवात केली असं नाही. मी दमले, एवढंच. वाढायचं आणि गप्प बसायचं. खाल्लं तर खाल्लं. एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंचं म्हणणं मी तेव्हा वाचलं: काय, केव्हा आणि कुठे ते आईबापांनी ठरवावं; खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात समोर वाटीभर भाजी तशीच वाळत असताना तोंड मिटून वरणभात कालवत बसणं याला तप लागतं. मी दोन वेळा टेबलावरून उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले आहे.

मग डिसेंबरात एक दिवस शाळेला सुटी होती, सासूबाई गावी गेल्या होत्या, म्हणून लेकीला ऑफिसात घेऊन गेले. परतताना दादरला डोंबिवली लोकल पकडली. लेडीज डबा तुडुंब. घाटकोपरला चौथी सीट मिळाली, तिला मांडीवर घेतलं. समोरच्या दोघीजणी नेहमीप्रमाणे उद्याच्या स्वयंपाकाला लागल्या होत्या. एकीच्या मांडीवर पेपर, पेपरवर मटार. दुसरी गवार मोडत होती: दोन्ही टोकं खुडायची, शीर ओढायची, कट्कन दोन तुकडे, पिशवीत. गाडीच्या हिसक्यांत एकही शेंग खाली पडत नव्हती. लेक टक लावून बघत होती.

"काय बघतेस? कामाला लाग," मटारवाल्या मावशी म्हणाल्या आणि मूठभर शेंगा तिच्या फ्रॉकमध्ये टाकल्या. शेंग कशी दाबायची ते दाखवलं. पहिली शेंग फुटली, दाणे उडाले, एक कुणाच्यातरी पर्समध्ये गेला, सगळा डबा हसला. विक्रोळीपर्यंत ती सोलत होती आणि दोन दाण्यांतला एक तोंडात टाकत होती. मावशी मोजत नव्हत्या. मीच मोजत होते, आणि स्वतःला दटावत होते.

भांडुपच्या आसपास तिने गवार मागितली. कच्ची. मी म्हणणार होते की अगं ती तशी खात नाहीत, पण गवारवाल्या बाईंनी एक कोवळी शेंग दिलीसुद्धा. तिने टोक चावलं आणि चेहरा वाकडा केला. "यक्क!"

"यक्क म्हणजे काय गं?" बाईंनी विचारलं. "कडू, की आंबट, की काय?"

लेकीला उत्तर देता येईना. तिने पुन्हा चावलं. "कडू नाही. तोंड असं होतंय," आणि गाल आत ओढून दाखवले.

"त्याला तुरट म्हणतात."

"तुरट," तिने म्हणून पाहिलं. मग त्यांचा खेळच सुरू झाला. आवळा कसा लागतो? तुरट-आंबट. मेथी? कडसर. मुळा? उग्र. भेंडी? बुळबुळीत. डब्यातल्या आणखी तिघीचौघी त्यात पडल्या. दुधी मिळमिळीत. घोसाळं गिळगिळीत. सुरण खवखवतं. कोवळी काकडी अगोड. ताक पांचट. "आणि सासू?" कुणीतरी मागून विचारलं, "खवट!" दुसरीने उत्तर दिलं, आणि ठाणं येईपर्यंत हसणं थांबलं नाही. डोंबिवलीला उतरताना मावशींनी सोललेल्या मटारांतले ओंजळभर कागदात बांधून तिच्या हातात दिले. "तू सोललेस, तुझे."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की घरात आम्ही तिला दोनच शब्द दिले होते: आवडतं आणि आवडत नाही. हो किंवा नाही. मतदानाला उभं केल्यासारखं. आणि इथे अनोळखी बायकांनी पाऊण तासात तिच्या जिभेला डझनभर शब्द दिले. पुढच्या आठवड्यात दुधीची भाजी केली. तिने एक फोड खाल्ली, थांबली, विचार केला आणि म्हणाली, "यक्क नाही आहे. मिळमिळीत आहे. मीठ कमी पडलंय." मीठ खरंच कमी होतं. दुधी तिने मग तीन फोडी खाल्ला, मीठ घेऊन. टीका करायला खावं लागतं, हा तिला लागलेला शोध. माझ्या स्वयंपाकाला मात्र तेव्हापासून घरात परीक्षक बसला आहे, आणि तो नवऱ्यापेक्षा कडक आहे.

डब्यातली भाजी अजून परत येते. मैत्रिणीच्या डब्यातली भेंडी खाल्ली जाते, माझी नाही. कोबीचा नाद मी सोडून दिला.

शेपूचं सांगायचं राहिलं.

सासूबाई कोरेगावकडच्या. त्यांच्या माहेरी शेपू म्हणजे आठवड्यातून दोनदा: मूगडाळ घालून, लसणीची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. लग्न होऊन आल्या आणि कळलं की सासऱ्यांना शेपूचा वास खपत नाही. शेपू घरात यायची बंद झाली. बेचाळीस वर्षं. सासऱ्यांनी कधी 'आणू नकोस' म्हटलं असेल असंही नाही. फक्त एकदा ताटावरून उठून गेले होते म्हणे. मी या घरात आले तेव्हा मला एवढंच सांगितलं गेलं, "आपल्याकडे शेपू करत नाहीत." मला वाटलं, कुळाचार असेल. आपल्याकडे किती घरांत किती भाज्या अशा एका माणसाच्या नाकासाठी हद्दपार झाल्या असतील, त्यांची पाहणी कुणी करत नाही. त्या भाज्या मुलांना आवडत नाहीत असं आपण म्हणतो. मुलांनी त्या पाहिलेल्याच नसतात.

सासरे गेले. वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या महिन्यात एका दुपारी मी घरी होते, डोकं दुखत होतं म्हणून पडले होते. स्वयंपाकघरातून एक वास आला, हिरवा, बडीशेपेच्या जवळचा, आणि त्यावर लसूण. उठून पाहिलं तर सासूबाई ओट्यापाशी उभ्यानेच जेवत होत्या. लोखंडी कढईतून भाकरीच्या तुकड्यावर भाजी घेत होत्या. मला पाहून दचकल्या, चोरी पकडल्यासारख्या. "जुडी स्वस्त होती," म्हणाल्या. मी काही बोलले नाही. ताट वाढून दिलं आणि टेबलावर बसवलं.

लेक शाळेतून आली तेव्हा त्यांचं जेवण चाललं होतं. दप्तर टाकलं, नाक वर केलं. "हा कसला वास आहे?"

"शेपूचा. तुला नाही आवडायची," सासूबाई म्हणाल्या. कुठलंही डावपेच नव्हतं त्यात. त्यांना खरंच वाटत होतं की ही त्यांच्या एकटीची भाजी आहे. त्या पुन्हा खायला लागल्या, डोळे अर्धे मिटून, कांद्याची फोड दातांखाली फोडत. त्यांना इतकं मन लावून जेवताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या आम्हाला वाढून झाल्यावर उरलंसुरलं खायच्या, घाईघाईने.

लेक खुर्चीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, कशी लागते?"

"उग्र."

"मुळ्यासारखी?"

"न्हाई. मुळा नाकात जातो. ही मागं राहते."

यावर तिने बराच विचार केला. मग आ केला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी सिलिंगकडे पाहिलं. त्यांनी भाकरीचा लहानसा तुकडा मोडला, त्यावर बोटाच्या पेराएवढी भाजी ठेवली आणि भरवली. पोरीचं तोंड आक्रसलं. डोळे बारीक झाले. मी मनात म्हटलं, आता उठणार, पाणी प्यायला. ती गिळून म्हणाली, "खरंच मागे राहते," आणि परत आ केला.

दुसऱ्या दिवशी ती खाल्लीच नाही. पुढच्या वेळी दोन घास, त्यापुढच्या वेळी नुसती डाळ वेचून. मग एका गुरुवारी शाळेतून येऊन बूट काढता काढता तिनेच विचारलं, "आज ती वासाची भाजी आहे का?"

आता स्टेशनबाहेरून सासूबाई शेपूच्या दोन जुड्या आणतात. निवडायला दोघी बसतात, पेपर पसरून. काड्या जाड निघाल्या तर लेक आजीला बोलते. संध्याकाळी भाजी टेबलावर येते. त्या दोघी आणि मी खातो, ढेकर येतात तेही शेपूचेच. नवरा काचऱ्या खातो. मधेच उठतो, काही न बोलता खिडकी उघडतो आणि परत येऊन बसतो.